रामन परिणाम दवाखान्याच्या दारात का थांबला?

२८ फेब्रुवारी जवळ आला की देशभरातील शाळा-महाविद्यालयांत राष्ट्रीय विज्ञान दिनाची लगबग सुरू होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या प्रतिमेला हार घातला जातो, १९२१च्या सागरी प्रवासात त्यांना पडलेल्या भूमध्य समुद्राच्या निळाईच्या कोड्याची गोष्ट सांगितली जाते, १९३०च्या नोबेल पारितोषिकाचा अभिमानाने उल्लेख होतो. वर्षभरात अधूनमधून याच परंपरेतील आणखी एक बातमी वाचायला मिळते. अमुक संस्थेतील शास्त्रज्ञांनी लेझरच्या साहाय्याने, सुई न टोचता, काही सेकंदांत कर्करोग ओळखला आणि अचूकता नव्वद टक्क्यांहून अधिक आली, असा तिचा मजकूर असतो. ही बातमी सहसा खोटी नसते. परंतु तिचाच मजकूर थोड्याफार फरकाने वीस-पंचवीस वर्षे छापून येतो आहे आणि रुग्णाच्या नित्याच्या तपासणीत मात्र रामन वर्णपटाला अजून जागा मिळालेली नाही. प्रयोगशाळेत नव्वद टक्के यशस्वी ठरणारे तंत्र दवाखान्याच्या उंबरठ्यावर इतकी वर्षे का थांबते, हा प्रश्न विज्ञान दिनाच्या भाषणांत विचारला जात नाही. तो विचारायला हवा, कारण त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात नाही. भौतिकशास्त्राने आपले काम बहुतांशी पुरे केले आहे. अडले आहे ते पुराव्याच्या शिस्तीपाशी.

आधी तंत्राचे मर्म पाहू. एखाद्या पदार्थावर एकरंगी प्रकाश टाकला तर विकिरण पावलेला जवळजवळ सगळा प्रकाश मूळ रंगाचाच राहतो. अगदी थोड्या फोटॉनांची मात्र रेणूंच्या कंपनांशी ऊर्जेची देवाणघेवाण होते आणि ते किंचित निराळ्या तरंगलांबीचे होऊन बाहेर पडतात. स्थूलमानाने एक कोटी फोटॉनांमागे असा एखादाच. रामन आणि के. एस. कृष्णन यांनी १९२८ साली कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये हा क्षीण प्रकाश ओळखला, तेव्हा सुरुवातीच्या प्रयोगांत त्यांच्यापाशी सूर्यप्रकाश, रंगीत गाळक आणि स्वतःचे डोळे होते. ऊर्जेतील हा फरक प्रत्येक रासायनिक बंधाचा स्वतःचा असतो. म्हणूनच रामन वर्णपटाला रेणूंच्या बोटांच्या ठशांची उपमा दिली जाते.

शरीरातील ऊतींना हे तंत्र लावताना पहिली अडचण आली ती प्रतिदीप्तीची. हिरव्या किंवा निळ्या लेझरचा प्रकाश ऊतींवर पडला की त्यांतील अनेक रेणू तो शोषून घेतात आणि स्वतःच चमकू लागतात. या चमकेपुढे रामन संकेत म्हणजे वाजतगाजत चाललेल्या मिरवणुकीत कुणीतरी कुजबुजल्यासारखा. यावर उपाय निघाला तो प्रकाश लालाच्या पलीकडे, निकट-अवरक्त पट्ट्यात नेण्याचा. ७८५ किंवा ८३० नॅनोमीटरच्या फोटॉनात इतकी ऊर्जा नसते की ऊतींतील बहुसंख्य रेणू प्रतिदीप्त व्हावेत. शिवाय या पट्ट्यात हिमोग्लोबिनचे शोषण कमी झालेले असते आणि पाण्याचे अजून फारसे वाढलेले नसते, त्यामुळे प्रकाश ऊतींत तुलनेने खोल शिरतो.

या निवडीची किंमतही आहे. रामन विकिरणाची तीव्रता तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. ५३२ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाऐवजी ७८५ नॅनोमीटरचा प्रकाश वापरला की मुळातच क्षीण असलेला संकेत जवळपास पाचव्या हिश्श्यावर येतो. आणखी पुढे, १०६४ नॅनोमीटरला गेले तर प्रतिदीप्ती जवळजवळ नाहीशी होते, पण तेथे विकिरण पावलेला प्रकाश नेहमीच्या सिलिकॉनच्या डिटेक्टरला दिसेनासा होतो आणि अधिक महागडे, अधिक गोंगाट करणारे डिटेक्टर लागतात. लेझरची शक्ती वाटेल तेवढी वाढवून ही उणीव भरून काढता येत नाही. ७८५ नॅनोमीटरला त्वचेसाठी सुरक्षित मानली जाणारी मर्यादा दर चौरस सेंटीमीटरला साधारण ०.३ वॅट आहे. म्हणून ७८५ नॅनोमीटरचा डायोड लेझर आणि थंड ठेवलेला सीसीडी डिटेक्टर ही जोडी वैद्यकीय रामन उपकरणांत रूढ झाली. ती हौसेने झालेली निवड नव्हे. प्रतिदीप्ती, शोषण, संकेताची तीव्रता आणि डिटेक्टरची दृष्टी या चार गोष्टींतील ती तडजोड आहे.

मग दिसते काय? ७८५ नॅनोमीटरचा प्रकाश टाकल्यावर ८५२ नॅनोमीटरच्या आसपास एक टोकदार शिखर उमटते. ते फेनिलअलॅनिन या अमिनो आम्लाच्या वलयाचे, तरंगसंख्या सुमारे १००४. १६५५च्या आसपासचा रुंद उंचवटा प्रथिनांच्या कण्याचा, १४४५च्या जवळचा मेद आणि प्रथिने या दोहोंतील कार्बन-हायड्रोजन बंधांचा, ९६०चे शिखर हाडा-दातांतील फॉस्फेटचे. निरोगी गालाच्या आतील आवरणाचा वर्णपट मेदाकडे झुकलेला असतो आणि गाठीचा वर्णपट प्रथिनांकडे, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. ज्या पाण्याने शरीर भरलेले आहे, त्याचा रामन संकेत या टप्प्यात अगदी कमजोर असतो. ऊतींच्या तपासणीत साध्या अवरक्त शोषणमापनावर रामन पद्धत मात करते ती याच कारणाने.

या तंत्राच्या यशाची उदाहरणे खरी आहेत आणि मोठीही आहेत. स्तनांच्या क्ष-किरण चित्रात दिसणारे चुन्याचे बारीक कण कशाचे आहेत, हे क्ष-किरण सांगू शकत नाहीत. ते कॅल्शियम ऑक्झलेटचे असतील तर बहुधा निरुपद्रवी, हायड्रॉक्सिॲपेटाइटचे असतील तर कर्करोगाची शक्यता ध्यानात घ्यावी लागते. अमेरिकेतील एमआयटीमध्ये मायकल फेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली दाखवून दिले की निकट-अवरक्त रामन वर्णपटाने हा भेद स्पष्ट ओळखता येतो. कॅनडातील माँट्रियल येथे मेंदूच्या शस्त्रक्रियेत हाताने धरायच्या रामन शलाकेने गाठीची पसरलेली कड ओळखण्याचा प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. १७ रुग्णांतील त्या अभ्यासात संवेदनशीलता ९३ टक्के आणि विशिष्टता ९१ टक्के होती. सिंगापूरमध्ये दुर्बिणीतून जठराच्या आतील आवरणाचे वर्णपट तपासणीच्या वेळीच घेतले गेले. ब्रिटनमध्ये पावेल माटुसेक यांनी २००५ साली मांडलेल्या पद्धतीत लेझर एका जागी टाकून संकेत बाजूच्या जागी टिपला जातो. त्यामुळे पृष्ठभागाखालील थरांचे रसायनही कळते. विमानतळावर बंद बाटलीतील द्रव न उघडता तपासणारी यंत्रे त्याच तत्त्वावर चालतात. विमानतळावर पोहोचलेले तत्त्व रुग्णालयात मात्र अजून पाहुण्यासारखे वावरते.

भारतातील काम या यादीत मागे नाही. नवी मुंबईत खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक या संस्थेत सी. मुरली कृष्ण यांच्या गटाने तोंडाच्या कर्करोगावर रामन स्पेक्ट्रोस्कोपीचे सातत्याने संशोधन केले. गाठ, कर्करोगपूर्व चट्टे, तंबाखू खाणाऱ्यांचे वरकरणी निरोगी दिसणारे आवरण आणि निर्व्यसनी व्यक्तींचे आवरण यांचे वर्णपट त्यांनी जिवंत ऊतींवरून नोंदवले. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात तयार झालेल्या उपकरणाने मुंबईच्या टाटा रुग्णालयातील रुग्णांवर असाच अभ्यास झाला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिव उमापती यांच्या गटाने अनेक कोनांतून विकिरण टिपून खोलवरच्या थरांचा वेध घेण्याची पद्धत विकसित केली. मणिपालमध्येही या विषयाची दीर्घ परंपरा आहे. तोंडाच्या कर्करोगाचे दरवर्षी सव्वा लाखाहून अधिक नवे रुग्ण ज्या देशात आढळतात, जगातील अशा रुग्णांपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ज्या देशातले असतात, त्या देशातील भौतिकशास्त्रज्ञांनी याच रोगाला हात घालावा, हे त्यांच्या जबाबदारीच्या जाणिवेचेच लक्षण आहे. हा रोग घशाखाली दडलेला नाही. तोंड उघडले की दिसतो. तरीही फार मोठ्या संख्येने रुग्ण उशिरा येतात. प्रश्न म्हणूनच गंभीर आहे.

या पार्श्वभूमीवर अडथळ्यांकडे वळू. पहिला अडथळा मोजणीचा आहे. समजा, एका अभ्यासात २० रुग्ण आहेत आणि प्रत्येकाकडून ३० वर्णपट घेतले. हाती ६०० वर्णपट आले. संगणकीय प्रारूपाला त्यांतील काही शिकवण्यासाठी आणि उरलेले परीक्षेसाठी दिले, पण वाटणी करताना रुग्ण न पाहता वर्णपट यदृच्छया वाटले. आता एकाच रुग्णाचे काही वर्णपट शिकवणीत आणि काही परीक्षेत आले. प्रारूपाने रोग ओळखला की रुग्ण ओळखला, हे सांगता येत नाही. प्रश्नपत्रिका आधीच पाहिलेल्या विद्यार्थ्याच्या गुणांना जितकी किंमत, तितकीच या अचूकतेला. वाटणी रुग्णनिहाय केली आणि वीसही रुग्ण बरोबर ओळखले गेले, तरी ६०० वर्णपट म्हणजे ६०० माणसे होत नाहीत. संख्याशास्त्रातील तीनचा साधा नियम सांगतो की वीसपैकी एकही चूक न होणे हे चुकीचे खरे प्रमाण १५ टक्क्यांपर्यंत असण्याशीही सुसंगत आहे. निष्कलंक निकालाच्या पोटात एवढी अनिश्चितता दडलेली असते. बातमीत ती येत नाही आणि कित्येकदा शोधनिबंधाच्या सारांशातही येत नाही.

दुसरा अडथळा अधिक फसवा आहे. वर्णपट फक्त रोग सांगत नाही, तो माणसाचे सगळेच सांगतो. ओठाचे, जिभेचे आणि गालाचे आवरण एकमेकांहून वेगळे असते. वयानुसार ते बदलते. तंबाखू, मशेरी, गुटखा यांनी ते रोग होण्याच्या आधीच बदलते. निरोगी गट म्हणून संस्थेतील तरुण, निर्व्यसनी विद्यार्थी घेतले आणि रोगी गट म्हणून पन्नाशीचे, तंबाखू खाणारे रुग्ण घेतले, तर प्रारूप कर्करोगाऐवजी वय आणि व्यसन ओळखायला शिकू शकते. रक्तद्रवाच्या वर्णपटात ११५७ आणि १५२० या तरंगसंख्यांजवळ कॅरोटिनॉइडची शिखरे दिसतात. कॅरोटिनॉइड शरीरात आहारातूनच येतात. तोंडातील गाठीमुळे ज्याला महिनोन्‌महिने नीट जेवता आलेले नाही, त्याच्या रक्तात ते कमी असणारच. अशा वेळी यंत्र रोग टिपते की उपासमार, हे विचारावे लागते. ॲक्ट्रेकच्या गटाने वय, व्यसन आणि तोंडातील जागा यांचा परिणाम स्वतंत्रपणे तपासला, ही त्या कामाची खरी थोरवी. या क्षेत्रातील प्रत्येक निबंधाकडून तीच अपेक्षा असायला हवी.

तिसरा अडथळा त्वचेच्या आणि आवरणाच्या रंगाचा. मेलॅनिन निकट-अवरक्त प्रकाशातही बऱ्यापैकी प्रतिदीप्त होते. ज्या समाजात सावळी त्वचा सर्वसाधारण आहे आणि तोंडाच्या आतही काळसर डाग पुष्कळांना असतात, तेथे गोऱ्या रुग्णांच्या वर्णपटांवर घडवलेले प्रारूप जसेच्या तसे चालेल, असे मानणे धोक्याचे आहे. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा धडा ताजा आहे. कित्येक दशके सर्वत्र वापरले जाणारे हे उपकरण कृष्णवर्णीय रुग्णांच्या बाबतीत ऑक्सिजनची खरी घट अधिक वेळा चुकवते, हे अमेरिकेतील अभ्यासाने २०२० साली, साथीच्या ऐन भरात, उघड केले. प्रकाशावर चालणारे प्रत्येक निदानसाधन, ते ज्यांच्यासाठी वापरायचे त्यांच्याच शरीरांवर पारखले गेले पाहिजे. म्हणजेच भारतीय रुग्णांची माहिती भारतातच, आणि तीही देशाच्या अनेक भागांतून, गोळा व्हायला हवी. परदेशात मान्यता मिळालेले यंत्र आणून बसवल्याने ही जबाबदारी संपत नाही.

चौथा अडथळा यंत्रांचा. प्रकाशीय तंतू सिलिकाचा असतो आणि सिलिकालाही स्वतःचे रामन विकिरण असते. ते थोपवायला शलाकेच्या टोकाशी सूक्ष्म गाळक लागतात. लेझरची तरंगलांबी तापमानानुसार सरकते. डिटेक्टर प्रत्येक रंगाला सारखाच प्रतिसाद देत नाही. परिणामी एकाच ऊतीचा वर्णपट दोन यंत्रांवर तंतोतंत सारखा येत नाही. इंदूरच्या यंत्रावर शिकलेले प्रारूप गुवाहाटीच्या यंत्रावर चालेल का, याची परीक्षा क्वचितच घेतली जाते. साखर तपासण्याच्या पट्टीकडून ही अपेक्षा गृहीत धरली जाते. रामन यंत्राला त्यातून सूट का मिळावी?

आता या सगळ्याहून मूलभूत असा मुद्दा. समजा, हे चारही अडथळे पार झाले आणि ९० टक्के संवेदनशीलता, ९० टक्के विशिष्टता असलेले यंत्र हाती आले. ते घेऊन १०,००० लोकांची सरसकट तपासणी केली आणि त्यांतील ५० जणांना खरोखर रोग आहे असे कल्पू. यंत्र ५० पैकी ४५ जणांना पकडेल. उरलेल्या ९,९५० निरोगी लोकांपैकी ९९५ जणांनाही ते रोगी म्हणेल. एकूण १,०४० लोकांना धोक्याची सूचना मिळेल आणि त्यांत खरे रुग्ण असतील ४५, म्हणजे शंभरात साडेचारही नाहीत. जवळपास हजार निरोगी कुटुंबांना हकनाक घोर लागेल आणि जिल्हा रुग्णालयातील बायोप्सीची रांग निष्कारण लांबेल. चुकवायचेच नाही म्हणून यंत्राची पट्टी आणखी सैल केली, तर खोट्या सूचना आणखी वाढतात. व्हँकुव्हरमधील ४५३ रुग्णांच्या त्वचेवरील अभ्यासात, जो या क्षेत्रातील मोठ्या अभ्यासांपैकी एक आहे, हाच तोल दिसला होता. संवेदनशीलता वर नेली की विशिष्टता खाली येई. नव्वद टक्के हा आकडा स्वतःहून चांगलाही नसतो आणि वाईटही नसतो. तो कोणासमोर, कोणत्या टप्प्यावर वापरला जातो यावर त्याची किंमत ठरते.

या प्रकाशात दोन भारतीय चाचण्यांची आठवण प्रत्येक भौतिकशास्त्रज्ञाने ठेवायला हवी. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ साली सुरू झालेल्या चाचणीत प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन, पुरेशा उजेडात, लोकांची तोंडे डोळ्यांनी तपासली. २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले होते. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाच्या चमूने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या चाचणीत सौम्य ॲसेटिक आम्ल लावून गर्भाशयमुखाची तपासणी केली गेली. तपासणाऱ्या स्त्रिया डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षित आरोग्य सेविका होत्या. त्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एकीकडे विजेरी आणि दुसरीकडे व्हिनेगरमध्ये असते तेच आम्ल, एवढीच ही साधने. त्यांच्या अचूकतेचे आकडे रामन शलाकेपुढे कदाचित फिके पडतील. परंतु त्यांनी माणसे वाचवली हे सिद्ध झाले आहे आणि रामन शलाकेने अजून ते सिद्ध केलेले नाही. वैद्यकात शेवटचा शब्द याच कसोटीचा असतो.

याचा अर्थ रामन स्पेक्ट्रोस्कोपीला वैद्यकात भवितव्य नाही असा मुळीच नाही. तिची जागा निराळी आहे, एवढाच याचा अर्थ. डोळ्यांच्या तपासणीत ज्यांच्या तोंडात संशयास्पद चट्टा आढळला, अशा हजार जणांचा विचार करू. समजा, त्यांतील २०० जणांना खरोखर कर्करोग किंवा गंभीर कर्करोगपूर्व बदल आहे. तेच ९० टक्क्यांचे यंत्र येथे १८० जणांना अचूक ओळखेल आणि ८० जणांना उगाच संशयित ठरवेल. धोक्याची सूचना मिळालेल्या २६० जणांत खरे रुग्ण आता शंभरी ६९ असतील. यंत्र तेच, भौतिकशास्त्र तेच, पण निरुपयोगी वाटणारा निकाल उपयुक्त झाला. तरीही २० जण सुटतातच. म्हणून यंत्राने बायोप्सीची जागा घेऊ नये. बायोप्सी कोणाची आधी करायची आणि मोठ्या पांढऱ्या चट्ट्याच्या नेमक्या कोणत्या भागातून तुकडा घ्यायचा, हे ठरवण्यास त्याने मदत करावी. शस्त्रक्रियेत गाठ काढल्यावर कडेला रोग उरला आहे का, हे सर्जनला तिथल्या तिथे सांगावे. उपचारानंतर दर काही महिन्यांनी येणाऱ्या रुग्णात रोग परतण्याची चाहूल घ्यावी. या तिन्ही ठिकाणी आज पर्याय तोकडे आहेत, वेळ मोलाचा आहे आणि तज्ज्ञ डॉक्टर शेजारीच उभा आहे. तंत्राने आपले पहिले पाऊल तेथे टाकावे.

यावर काही आक्षेप घेतले जातात आणि ते रास्तही आहेत. मूलभूत संशोधनावर आतापासून उपयुक्ततेची सक्ती कशाला, असा एक आक्षेप. रामन यांनी समुद्राच्या निळाईचा माग काढला तेव्हा कर्करोग त्यांच्या मनातही नव्हता, हे खरेच. पण रेणूंच्या कंपनांचा अभ्यास करणाऱ्या निबंधाला कोणी रुग्णांचा हिशेब मागत नाही. ज्या निबंधाच्या शीर्षकात निदान हा शब्द आहे, त्याने तो स्वतःहून ओढवून घेतलेला असतो. दुसरा आक्षेप पैशाचा आणि वेळेचा. बहुकेंद्री चाचणी खर्चीक असते, ती पाचसात वर्षे चालते आणि तीन वर्षांच्या प्रकल्पावर नेमलेल्या संशोधकाला ती झेपत नाही. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि त्याचा रोख संशोधकाकडे नसून व्यवस्थेकडे आहे. नव्या पद्धतीचा पहिला निबंध लिहिणाऱ्याला बढती मिळते. तीच पद्धत पाच रुग्णालयांत निष्ठुरपणे तपासून ती अर्धवट फसते असे दाखवणाऱ्याला काय मिळते? हे उत्तर बदलल्याशिवाय पहिल्या निबंधांचा ढीग वाढत राहील आणि दुसरे पाऊल पडणार नाही.

करण्यासारख्या गोष्टी अशक्य कोटीतील नाहीत. पहिली, वर्णपटांचे एक राष्ट्रीय, खुले भांडार. सार्वजनिक पैशांतून नोंदवलेला प्रत्येक वर्णपट, रुग्णाची ओळख काढून टाकून, त्याच्या वयाची, व्यसनाची, तोंडातील जागेची, यंत्राची आणि बायोप्सीच्या निकालाची नोंद जोडून तेथे जमा व्हावा. दुसरी, समान मानके. सर्व केंद्रांनी एकच मापन-नमुना ठरावीक काळाने मोजावा आणि यंत्रांतील तफावत जाहीर करावी. तिसरी, आंधळी परीक्षा. ज्यांचे निकाल संशोधकांना माहीत नाहीत अशा वर्णपटांवर, प्रारूप गोठवून, त्रयस्थ संस्थेने परीक्षा घ्यावी. चौथी, एकच नेमका वैद्यकीय प्रश्न निवडून भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, अणुऊर्जा विभागाची केंद्रे आणि वैद्यकीय महाविद्यालये यांनी मिळून दीर्घ मुदतीची चाचणी हाती घ्यावी. पाचवी, लेझर, गाळक आणि डिटेक्टर देशात बनवण्याची तयारी. उपकरणाचा आत्मा भारतीय आणि अवयव आयात केलेले, अशी स्थिती राहिली तर ते जिल्हा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात कधीच बसणार नाही.

तोवर विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी अशी बातमी वाचताना काही प्रश्न जवळ बाळगावेत. रुग्ण किती होते, वर्णपट किती होते आणि वाटणी कशाच्या आधारे झाली? निरोगी गट कोणाचा होता? दुसऱ्या यंत्रावर, दुसऱ्या शहरात पडताळणी झाली का? तुलना कशाशी केली, आणि डॉक्टरच्या नुसत्या डोळ्यांनी तेच निदान झाले असते का? असे प्रश्न विचारणे म्हणजे आपल्या शास्त्रज्ञांचा उपमर्द नव्हे. रामन यांनीही नव्या प्रकाशावर एकदम विश्वास ठेवला नव्हता. जे दिसते ते साध्या प्रतिदीप्तीचेच रूप तर नाही ना, ही शंका त्यांच्या प्रयोगशाळेने ध्रुवीकरणाच्या कसोटीवर घासून पाहिली आणि मगच शोध जाहीर झाला. क्षीण संकेत आणि प्रखर प्रतिदीप्ती यांतला फरक ओळखणे हेच त्या शोधाचे मर्म होते.

आज या क्षेत्रापुढे तीच कसोटी निराळ्या रूपात उभी आहे. बातम्यांची चमक भरपूर आहे. तिच्यातून रुग्णाच्या उपयोगाचा खरा संकेत वेगळा काढायचा आहे. ते काम प्रतिमेला हार घालण्याइतके सोपे नाही आणि त्याला नोबेलही मिळणार नाही. पण गालातील चट्टा घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात बसलेल्या माणसाला रामन यांच्या शोधाचा उपयोग व्हायचा असेल, तर तो याच मार्गाने होईल.

#राष्ट्रीय_विज्ञान_दिन #रामन_परिणाम #विज्ञान_आणि_आरोग्य